डोंगरातल्या माणसांचा इतिहास लिहायचाय? शेखर पाठक आणि या करिअरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि वर्गात एकदा हिमालयाचा विषय निघाला की पुढचे आठ दिवस पोरं फोनवर तेच तेच प्रश्न विचारत राहतात, कधी त्यांचे आईवडीलही विचारतात. म्हणून सगळी उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवतेय. उदाहरण म्हणून प्रा. शेखर पाठकांचं काम घेतलंय कारण डोंगरी लोकांच्या परंपरांचा इतिहास म्हणजे नक्की काय, आणि विद्यापीठात नोकरी करून तो कसा करतात, हे त्यांच्याकडे बघून जितकं कळतं तितकं सिलॅबस वाचून कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

शेखर पाठक कोण? आम्ही तर नावही ऐकलं नव्हतं.

उत्तराखंडचे इतिहासकार. पिथौरागढ जिल्ह्यातल्या गंगोलीहाट भागातले, नैनितालला कुमाऊं विद्यापीठात बरीच वर्षं इतिहास शिकवला, दिल्लीच्या नेहरू मेमोरियल म्युझियम अँड लायब्ररीत फेलो होते, २००७ मध्ये पद्मश्री. १९८३ मध्ये मित्रांबरोबर 'पहाड' नावाची संस्था काढली, तिचे त्याच नावाचे जाडजूड अंक हिंदीत निघतात आणि हिमालयावर काम करणाऱ्या माणसाला ते चुकवून चालत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या. कुमाऊं विद्यापीठ स्वतःच १९७३ चं, त्याच वर्षी गढवालचंही झालं. (कुमाऊं आणि गढवाल हे उत्तराखंडचे दोन भाग.) त्याआधी पहाडात स्वतःचं विद्यापीठ नव्हतं, ते हवं म्हणून तिथे आंदोलन झालं. म्हणजे ज्या विद्यापीठात हे शिकवत होते ते लोकांनी भांडून मिळवलेलं होतं, आणि मला वाटतं ते त्यांच्या कामात दिसतं.

अस्कोट-आराकोट यात्रा काय प्रकार आहे? ट्रेक का?

ट्रेक नाही हो. अस्कोट हे नेपाळच्या हद्दीजवळचं गाव, आराकोट पार दुसऱ्या टोकाला हिमाचलच्या हद्दीजवळ, उत्तरकाशी जिल्ह्यात. मधे अख्खा उत्तराखंड. २५ मे १९७४ ला विशीतली काही पोरं अस्कोटहून चालायला लागली, त्यात शेखर पाठक होते, शमशेर सिंह बिष्ट होते, गढवालचे कुंवर प्रसून आणि प्रताप शिखर होते. प्रेरणा चिपकोवाल्या सुंदरलाल बहुगुणांची. तारीख मुद्दाम निवडलेली, २५ मे म्हणजे श्रीदेव सुमन यांचा जन्मदिवस, जे टिहरी संस्थानच्या तुरुंगात ८४ दिवसांच्या उपोषणानंतर १९४४ मध्ये गेले.

खिशात पैसे ठेवायचे नाहीत हा नियम. गावात जे मिळेल ते खायचं, तिथेच झोपायचं, लोकांशी बोलायचं, सकाळी पुढचं गाव. साधारण ११०० किलोमीटरच्या वर अंतर आणि शेकडो गावं.

आता खरी गोष्ट. ही यात्रा त्यांनी दर दहा वर्षांनी परत केली. १९८४, १९९४, २००४, २०१४, २०२४. (१९८४ पासून सुरुवात अस्कोटच्याही वर, पांगूहून करतात.) वर्षं नीट बघा म्हणजे ह्यात काय दडलंय ते कळेल. १९७४ ची यात्रा रैणीच्या चिपको प्रसंगानंतर दोन महिन्यांनी. १९८४ ला 'नशा नहीं, रोजगार दो' आंदोलन तापलेलं. १९९४ च्या उन्हाळ्यात हे चालले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात खटीमा-मसुरीला वेगळ्या राज्यासाठी गोळीबार झाले, २ ऑक्टोबरला रामपूर तिराह्याला दिल्लीकडे निघालेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. २००४ ला राज्य होऊन चार वर्षं झालेली, मग लोकांना विचारायचं की काय बदललं. २०१४ ला केदारनाथच्या पुराला जेमतेम वर्ष. तीच पायवाट, तीच गावं, आणि पन्नास वर्षांत रस्ता कुठे आला, शाळा कुठे बंद पडली, कुठल्या घराला कुलूप लागलं, ही नोंद जगात फार कमी प्रदेशांची अशी पायी चालून झालेली असेल. मला तर ही यात्रा हेच त्यांचं सगळ्यात मोठं संशोधन वाटतं, पुस्तकं त्यातून निघाली.

पण बिनपैशाचं चालण्यात अकॅडेमिक काय आहे? ते तर सर्वोदयी काम झालं.

प्रश्न रास्त आहे. विचार करा, तुम्ही जीपने गावात उतरलात, लॉजवर थांबलात, प्रश्नावली भरून घेतलीत, तर लोक तुम्हाला सरकारी माणूस समजून उत्तरं देतात. सर्व्हेवाला आला की कोण कर्जाबद्दल बोलतो, कोण योजनेबद्दल. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो रात्री कुणाच्या तरी चुलीपाशीच बसणार, आणि चुलीपाशी घरातली आमा, म्हणजे आजी, जे बोलते ते फॉर्ममध्ये कधी येत नाही. तिच्या माहेरचं गाव कुठलं, लग्नात काय काय आलं, गवताला किती लांब जावं लागायचं आणि आता किती, तिचा सासरा कुठल्या साहेबाचं ओझं वाहायचा. हाच तर सोर्स आहे. फक्त तो आर्काइव्हमधल्या कागदाशी ताडून बघावा लागतो, ते नाही केलं तर मग खरंच नुसती यात्रा होते.

साहेबाचं ओझं म्हणजे? कुली बेगार का ते?

हो, आणि पाठकांचं सुरुवातीचं मोठं काम ह्याच विषयावर आहे, १९८७ चं पुस्तक आहे. कुमाऊं-गढवालात इंग्रजांच्या काळी रस्ते नव्हते, गाड्या नव्हत्या, मग साहेब दौऱ्यावर निघाला की सामान गावकऱ्यांनी वाहायचं. तीन प्रकार होते. कुली उतार म्हणजे नावाला मजुरी देऊन ओझं वाहून घेणं, कुली बेगार म्हणजे फुकट, आणि कुली बर्दायश म्हणजे साहेबाला दूध, धान्य, लाकूड, गवत गावाने पुरवायचं. कुणाची पाळी कधी ह्याचं रजिस्टर प्रधानाकडे असायचं. पेरणी असो, घरात बाळंतीण असो, नाव निघालं की जायचं.

१४ जानेवारी १९२१ ला, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला सरयू आणि गोमतीच्या संगमावर हजारो लोक जमले. बद्रीदत्त पांडे, हरगोविंद पंत, चिरंजीलाल हे पुढे होते. ह्यापुढे बेगार देणार नाही अशी शपथ लोकांनी नदीचं पाणी हातात घेऊन घेतली आणि प्रधानांनी ती रजिस्टरं सरयूत फेकून दिली. डेप्युटी कमिशनर तिथे हजर होता, गोळीबाराच्या तयारीने, पण गर्दी बघून काही करू शकला नाही. ह्या प्रकाराला गांधीजींनी रक्तहीन क्रांती म्हटलं आणि १९२९ मध्ये ते स्वतः बागेश्वरला आले.

आता परंपरेचा मुद्दा बघा, कारण तुम्ही तोच विचारता. हे काँग्रेसच्या मंडपात झालं नाही. जत्रेत झालं, संक्रांतीच्या स्नानाच्या दिवशी, बागनाथाच्या देवळाशेजारी, नदीवर हात ठेवून. जत्रेला माणूस एरवीही येणारच होता, भोटाकडचे, म्हणजे तिबेटच्या हद्दीलगतच्या खोऱ्यांतले व्यापारीही येणार होते, आणि नदीची शपथ मोडायची नसते हे सगळ्यांना पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. राजकारण आलं ते आधीपासून असलेल्या परंपरेच्या खांद्यावर बसून. पुस्तकात 'असहकार चळवळीचा प्रसार' असं एक वाक्य असतं, डोंगरातला इतिहासकार त्या वाक्याच्या आत जातो.

देव अंगात येणं, जागर वगैरे इतिहासात घेता येतं का? अंधश्रद्धा म्हणून सोडून द्यायचं ना?

सोडून दिलं तर हातात फारच थोडं उरेल. कुमाऊं-गढवालात जागर असतो, रात्रभर. जगरिया, म्हणजे गाणारा, हुडका नावाचं लहान चर्मवाद्य वाजवत देवाची किंवा जुन्या राजाची गाथा गातो, डंगरियाच्या अंगात तो देव येतो आणि मग घरातले लोक त्याला आपलं गाऱ्हाणं सांगतात. आपल्याकडचं खंडोबाचं जागरण आठवलं असेल, आठवायलाच हवं. त्या गाथांमधे कत्यूरी राजे, म्हणजे तिथलं जुनं राजघराणं आहे, त्यांचे अन्याय आहेत, भावकीतली भांडणं आहेत, कुठल्या घाटाने कोण आलं ते आहे.

त्यातून राजाचं साल मिळणार नाही. सालासाठी ताम्रपट बघा, शिलालेख बघा. पण सत्तेकडे सामान्य माणूस कसा बघत होता, न्याय म्हणजे त्याला काय वाटत होतं, हे ताम्रपटात नसतं कारण ताम्रपट राजाने लिहून घेतलेला असतो.

अल्मोड्याजवळ चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे. आत शिरलात की डोक्यावर घंटाच घंटा, लहान मोठ्या, नवस फेडलेल्या, आणि त्यांच्या मधे दोऱ्याला बांधलेले कागद. ते कागद म्हणजे अर्ज आहेत. काही साध्या वहीच्या पानावर, काही चक्क स्टॅम्प पेपरवर. जमिनीचा वाद, नवरा पगार देत नाही, भरतीत निवड व्हावी, चुलत्याने खोटी केस केलीय. गोलू हा न्यायाचा देव. एका बाजूला शेकडो वर्षांची गाथा आणि दुसऱ्या बाजूला कोर्टाचा स्टॅम्प पेपर, दोन्ही एकाच दोऱ्यात. इंग्रजी कचेरी आली तेव्हा लोकांनी देवाला कचेरीची भाषा शिकवली, असं मी वर्गात सांगते. परंपरा म्हणजे जुनं न बदललेलं काहीतरी ही समजूत तिथे दहा मिनिटांत उतरते.

(हो, पण लोकांचे अर्ज फोटो काढून स्टेटसला टाकू नका प्लीज. ती कुणाच्या तरी घरची दुखणी आहेत.)

नैनसिंग रावतांबद्दल वाचलंय, ते हेरच होते ना?

इंग्रजांच्या सर्व्हेसाठी गुप्तपणे काम करत होते हे खरं, पण एवढंच म्हणून थांबू नका. नैनसिंग जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे, तिबेटशी व्यापार करणाऱ्या शौका समाजातले, १८३० चा जन्म. तिबेटी भाषा येत होती, घाट माहीत होते, म्हणून तर निवडले गेले. माळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते, दर शंभर पावलांना एक मणी सरकवायचा, माळ पूर्ण झाली की दहा हजार पावलं, आणि पाऊल इतकं सरावाचं केलेलं की दोन हजार पावलांचा बरोबर एक मैल. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळतं त्यावरून उंची काढायची. असं करत जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं.

इंग्रजी पुस्तकांत ते बराच काळ 'पंडित' किंवा 'नंबर वन' एवढेच होते. उमा भट्ट आणि शेखर पाठकांनी त्यांचं जे चरित्र केलं त्यात नैनसिंगांचं स्वतःचं हिंदीतलं लिखाण आहे, म्हणजे माणूस पहिल्यांदा आपल्या तोंडाने बोलतो. १९६२ नंतर तिबेटचा व्यापार बंद झाला, मिलम रिकामं होत गेलं. अशा वेळी त्या समाजाची स्मृती कुणीतरी नीट छापून ठेवणं किती महत्त्वाचं आहे, मला हे लिहितानाही भरून येतं.

चिपको तर शाळेपासून शिकलोय, त्यात आता नवीन काय?

झाडाला मिठी मारलेल्या बायकांचा फोटो आणि एक-दोन पुढाऱ्यांची नावं, एवढंच शिकलोय आपण. पाठकांचं चिपकोवरचं मोठं हिंदी पुस्तक २०१९ मध्ये आलं, पुढे इंग्रजीत आलं, आणि २०२२ चा कमलादेवी चट्टोपाध्याय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात चिपको १९७३ ला एकदम सुरू होत नाही. इंग्रजांनी १९११ ते १७ च्या सुमाराला जंगलं राखीव केली, १९२१ मध्ये लोकांनी जंगलं पेटवली, ३० मे १९३० ला टिहरी संस्थानात तिलाडीला जंगलाच्या हक्कासाठी जमलेल्या लोकांवर गोळ्या चालवल्या, तिथून ती ओळ येते.

२६ मार्च १९७४ ला रैणीत गावातले पुरुष जमिनीच्या मोबदल्याचे पैसे घ्यायला चमोलीला गेले होते, तेवढ्यात ठेकेदाराची माणसं जंगलाकडे निघाली, आणि महिला मंगल दलाच्या गौरादेवी गावातल्या बायका-पोरी घेऊन आडव्या आल्या. जंगल आमचं माहेर आहे म्हणाल्या. त्याच रैणीवर ७ फेब्रुवारी २०२१ ला ऋषिगंगेचा पूर आला आणि तिथला वीजप्रकल्प वाहून गेला. चिपकोच्या गावाचं पुढे काय झालं हे विचारायला परत जाणारे इतिहासकार थोडे.

हिंदीत लिहिलं तर अकॅडेमिक करिअरला मार बसत नाही का?

बसतो, खोटं कशाला सांगू. नियुक्ती, प्रमोशन, पॉइंट्स, सगळीकडे इंग्रजी जर्नलला वजन जास्त. तरी पाठकांनी आधी हिंदीत लिहिलं कारण ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना ते वाचता आलं पाहिजे, आणि वाचून चूक दाखवता आली पाहिजे. गावातल्या शिक्षकाने पत्र पाठवलं की आमच्या आजोबांचं नाव तुम्ही चुकीचं लिहिलंत, ही तपासणी कुठल्याही रेफरीपेक्षा कडक असते. माझा सल्ला, दोन्ही करा. पेपर इंग्रजीत जाऊ द्या, पण त्याच मजकुराचा लेख मराठीत किंवा हिंदीत आलाच पाहिजे, 'नंतर बघू' म्हणालात की राहिलंच.

नेट, सेट, पीएचडी, पैसे, हे जरा स्पष्ट सांगा ना.

असिस्टंट प्रोफेसर व्हायला एमए आणि नेट किंवा सेट लागते, २०२३ पासून यूजीसीने पीएचडी ऐच्छिक केलीय, पण प्रत्यक्ष मुलाखतीत पीएचडीवाले पुढे असतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठ घेतं. पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं, जास्तीत जास्त ६, पुढे मुदतवाढ वेगळी. नेटमध्ये जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. जेआरएफ नसेल तर आयसीएचआर (इतिहास संशोधनाची राष्ट्रीय परिषद), आयसीएसएसआर (सामाजिक शास्त्रांची) यांच्या फेलोशिप बघा. पुढे शिमल्याचं इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अॅडव्हान्स्ड स्टडी आहे, तिथली फेलोशिप म्हणजे पुस्तक लिहायला मिळालेला निवांत वेळ.

कायम नोकऱ्या थोड्या आहेत आणि तासिका तत्त्वावर राबणारी हुशार माणसं मी रोज बघते. डोंगरातलं काम सुट्टीतच जमतं, मे-जूनमध्ये, कारण नंतर पाऊस, दरडी आणि जळवा.

भाषा कोणती शिकू?

हिंदीवर भागेल असं वाटतं, पण भागत नाही. कुमाऊंनी किंवा गढवाली कानाला सरावाची हवीच, आणि वर भोटियांच्या खोऱ्यांत गेलात तर वेगळ्याच भाषा. मराठी माणसाला देवनागरीमुळे जुनी वर्तमानपत्रं सरळ वाचता येतात हा फायदा मोठा आहे. 'अल्मोडा अखबार' १८७१ ला सुरू झालं, १९१८ ला बंद पडलं आणि त्याच वर्षी बद्रीदत्त पांड्यांनी 'शक्ती' काढलं. बेगारीवर ह्या दोन्हींत भरपूर आहे.

आपल्याकडे असं कुणी केलंय का, की सगळं हिमालयातच?

केलंय की! गुंथर सोनथायमर, जर्मन माणूस, हायडेलबर्ग विद्यापीठाचा, मूळ अभ्यास हिंदू कायद्याचा. तो धनगरांच्या मागे माळरानं आणि डोंगर फिरला, बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि १९७६ मध्ये जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला, १९८९ ला अॅन फेल्डहाउस यांनी तो इंग्रजीत आणला. कृष्णाकाठचा देव कुठून आला हे त्याने मेंढरांच्या वाटांवरून दाखवलं, पावसाळ्यात कुठे, उन्हाळ्यात कुठे. त्याआधी दा. ध. कोसंबी, गणिताचे माणूस, पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी फिरून दगडी हत्यारं आणि गावदेवींच्या जागा एकमेकांशी जोडत होते.

करण्यासारखं अजून खूप पडलंय. महादेव कोळ्यांचा उठाव घ्या, राघोजी भांगरेंना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं, कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत आणि अकोले-जुन्नरच्या डोंगरात लोक त्यांच्याबद्दल आजही बोलतात. कागद आणि बोलणं शेजारी ठेवून बसायला माणूस हवाय. सातपुड्यात पावरा आहेत, भिल्ल आहेत.

मुलगी एकटी डोंगरात फिरणार, आम्ही काळजी करायची नाही का?

काका-काकू, काळजी करा पण अडवू नका. एकटी पाठवू नका, तिथल्या एखाद्या शाळेची शिक्षिका, आशाताई, महिला मंगल दल ह्यांच्या ओळखीने जाऊ द्या. आणि एक सांगते, चुलीपाशी आणि गवताच्या वाटेवर बायका जे बोलतात ते पुरुष संशोधकाला बहुतेक ऐकायलाच मिळत नाही. पहाडात शेतीचा, जंगलाचा भार बायकांवर आहे, त्यांचा इतिहास लिहायला तुमच्या पोरी जास्त लायक आहेत.

रेकॉर्डिंग करताना परवानगी लागते का? नावं छापू का?

लागते, आणि फोन टेबलावर उलटा ठेवून गुपचूप रेकॉर्ड करणं हा निव्वळ विश्वासघात आहे. आधी विचारायचं, नाव छापायचं की नाही तेही विचारायचं, जमिनीचं-भावकीचं भांडण आलं की नाव गाळायचं. जगरियासारखा कलावंत असेल तर उलट, त्याचं नाव आलंच पाहिजे, त्याची ती विद्या आहे, तुम्ही फक्त लिहून घेताय. आणि रेकॉर्डिंगची एक कॉपी त्या घरी द्या, पेन ड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअॅपवर द्या. माणूस गेला की घरच्यांना आवाज तरी राहतो.

बरं, मग उद्यापासून काय करू?

नॅशनल अर्काइव्हजचं अभिलेख पटल हे पोर्टल उघडा, अकाउंट काढा, आपल्या तालुक्याचं नाव टाकून बघा. आपल्या जिल्ह्याचं जुनं मुंबई गॅझेटियर वाचा, हिमालयाचं करायचं असेल तर अॅटकिन्सनचं गॅझेटियर, १८८० च्या दशकातलं. मग एक डोंगर निवडा, एकच. त्याच्या पायथ्याच्या गावांची यादी करा, जत्रा कधी असते, पालखी कुठून निघून कुठे जाते, मेंढरं कुठल्या खिंडीने उतरतात, जंगल खात्याची हद्द कधी पडली, हे विचारून वहीत लिहा, तारीख आणि सांगणाऱ्याचं वय टाकून. पुढच्या वर्षी त्याच जत्रेला त्याच लोकांकडे परत जा. वही भरली की मला दाखवायला आणा, विषय आपण मिळून ठरवू.